कसणाऱ्याचं वय

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं धनज हे वऱ्हाडातल्या शेकडो गावांसारखंच गाव. काळी जमीन आणि बहुतांशी पावसावरची शेती. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, कुठे पऱ्हाटी. विहिरीला पाणी असेल त्या वावरात रब्बीचा हरभरा नाहीतर गहू. या भागाचा बाजाराशी संबंध फार जुना आहे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला, आणि देशातल्या अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. म्हणजे जवळपास एकशे चाळीस वर्षं इथला शेतकरी घरी खाण्याइतकंच विकण्यासाठीही पिकवतो आहे. म्हणूनच इथे कसणाऱ्याचं वय वाढतं तेव्हा परिणाम त्याच्या घराच्या ओट्यापाशी थांबत नाही. काय पेरलं जातं, कधी विकलं जातं आणि शहरातल्या ताटात काय येतं, हे सगळं त्या वयाने ठरू लागतं.

आधी मोजदाद. २०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक सुमारे १० कोटी ४० लाख होते. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लोकसंख्येचे अंदाज बांधणाऱ्या केंद्राच्या तांत्रिक गटाने राज्यासाठी २०२१ साली ११.७ टक्के आणि २०३१ साली १५ टक्के असा अंदाज दिला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण प्रजनन दर १.७ वर आला आहे. एका जोडप्यामागे दोन मुलंही नाहीत. ही सरासरी मुंबई-पुण्यासकट सगळ्या राज्याची. खेड्यात चित्र आणखी गडद होतं, कारण तरुण निघून जातात आणि आईबाप मागे राहतात.

ते का जातात हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही. १९७०-७१च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यातले पिकांपासून आलेले फक्त ३,७९८ रुपये होते, मजुरीचे त्याहून जास्त. शेतकरी कुटुंबातच पिकापेक्षा मजुरी जास्त देत असेल, तर मुलाने चाकणच्या कारखान्यात किंवा नागपूरच्या दुकानात मजुरी करावी हे गणित कुणीही मांडेल. २००३च्या सर्वेक्षणात देशातल्या ४० टक्के शेतकऱ्यांनी पर्याय मिळाला तर दुसरा व्यवसाय धरू असं सांगितलं होतं. ते आज साठीत आहेत आणि त्यांनी तो पर्याय मुलांना शोधून दिला. त्यात लग्नाचा प्रश्न मिसळला. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी देत नाहीत, ही तक्रार आता कुजबुज राहिलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. जो तरुण गावात राहायला तयार आहे त्याचाही संसार उभा राहत नसेल, तर शेतीची पुढची पिढी येणार कुठून?

इतकी पार्श्वभूमी पुरे. माझं मुख्य म्हणणं पिकांबद्दल आहे. शेतीचं वय वाढलं की उत्पादन घटतं, असं सरसकट म्हटलं जातं. वऱ्हाडात तसं सरळ घडलेलं नाही. इथे पिकंच बदलली. घरात किती हात आहेत आणि त्या हातांत किती ताकद आहे, हे पाहून पीक निवडलं जाऊ लागलं.

ज्वारीचं पाहा. वऱ्हाड हा ज्वारीचा मुलूख. पण ज्वारी सतत माणूस मागते. निंदण, डवरणी, मग दाणा भरू लागला की पाखरांची राखण. ती राखण एका दिवसाची नसते. पहाटेपासून वावरात उभं राहून हाकारावं लागतं. रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी. पीक तयार झालं की ताटं कापायची, कणसं खुडायची, कडबा बांधून घरी आणायचा. सासू, सून, दोन दीर आणि सालदार अशा भरल्या घरात हे निभत होतं. सत्तरीतल्या नवराबायकोला ते झेपणारं नाही. नव्वदच्या दशकात विदर्भात सोयाबीन पसरलं तेव्हा वय हे त्याचं कारण नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. शंभर दिवसांत हातात येणारा पैसा, तेल गिरण्यांची मागणी आणि कापसाच्या वाढत्या खर्चाला कंटाळलेला शेतकरी, ही कारणं होती. आज मात्र सोयाबीनची पकड सुटत नाही त्यामागे वय हे मोठं कारण झालं आहे. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. निंदणाच्या जागी तणनाशक येतं. सोंगणी मजुरांच्या टोळीला एकराच्या भावाने देता येते किंवा हार्वेस्टर लावता येतो. मालकाला धुऱ्यावर उभं राहून फोन करता आला तरी हंगाम पार पडतो. दुसरं कुठलंही पीक म्हाताऱ्या माणसाला इतकी मोकळीक देत नाही.

मग तोटा कुठे आहे? पहिला तोटा जमिनीचा. बैलजोडी म्हणजे रोजचं वैरणपाणी आणि शेणघाण. गुडघे दुखू लागले की आधी बैल विकले जातात. राज्यातली गायबैलांची संख्या २०१९च्या पशुगणनेत आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी घटली होती. बैल गेले की शेणखत गेलं. ज्वारी गेली की कडबा गेला, आणि कडबा गेला की उरलेली जनावरंही परवडेनाशी झाली. त्याच वावरात वर्षामागून वर्षं सोयाबीनच. फेरपालट नाही, खत नाही, आणि बांधबंदिस्तीला माणूस नाही.

दुसरा तोटा शरीराचा. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर सोळा किलोहून जास्त वजन येतं, आणि ते घेऊन चिखलात, गुडघाभर पिकात चालायचं असतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या घटनेने सगळा देश हादरला. पाठीवरचा पंप मात्र अजून गेलेला नाही. रब्बीत आणखी हाल. कृषिपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्रपाळीने मिळते. थंडीत मध्यरात्री, सापविंचवाच्या वाटेने जाऊन हरभऱ्याला पाणी द्यायला पासष्टीतला माणूस जातो, कारण घरात दुसरं कोणी नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीचं काम राज्यात सुरू आहे. माझ्या मते वृद्ध शेतकऱ्यासाठी इतकी उपयोगाची दुसरी कुठलीही योजना नाही. पण तिच्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. ती फक्त ऊर्जा खात्याची योजना मानली जाते.

कापसाबद्दल थोडक्यात. बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून वेचणी तीन-चार वेळा करावी लागते. वेचणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्याही आता पन्नाशीच्या पुढच्या. मजूर मिळत नाहीत म्हणून तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कापूस वाणाचं बियाणं चोरून पेरलं जातं. कायदा मोडण्याचं समर्थन मी करत नाही. पण तो का मोडला जातो याचा शोध घ्यायला निघालं, तर वाट निंदायला न मिळणाऱ्या हातांपाशी जाते.

आता बाजार. सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की तडकतात, दाणे वावरातच सांडतात. म्हणून सोंगणी काही दिवसांत उरकावी लागते आणि साऱ्या गावाला टोळी एकाच आठवड्यात हवी असते. नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस येतो. ज्याच्या घरात तरुण पोरं आहेत तो गंजीवर ताडपत्री ओढतो, माल पसरून वाळवतो, भाव पाहून थांबतो. ज्याच्या घरात नाहीत तो मळणी होताच ओला माल गावात आलेल्या व्यापाऱ्याच्या गाडीत टाकतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात दर त्याहून बरेच खाली होते. सरकारी खरेदीची अट १२ टक्के ओलाव्याची. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. पण ऑनलाइन नोंदणी, संदेशाची वाट, बारदाना आणि खरेदी केंद्रावरची रांग हे सगळं पार करायला अंगात बळ लागतं. हमीभाव कागदावर सगळ्यांना एकच असतो. तो हातात पडणं बऱ्याच अंशी घरातल्या तरुण माणसावर अवलंबून असतं. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने कर्ज मिळतं आणि मंदीत विकण्याची वेळ टळते. वृद्ध शेतकऱ्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, आणि माल गोदामापर्यंत नेणं त्यालाच सर्वांत अवघड जातं. माल घरून उचलण्याची सोय झाल्याशिवाय ही योजना त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. ही सोय बाजार समित्यांनी आणि गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी करावी. त्यात अशक्य काही नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू खाणाऱ्याची आहे. शेतकरी म्हातारा होतो तसा गिऱ्हाईकही म्हातारा होतो. २०२२-२३च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारताच्या घरखर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांवर आलेला दिसला, आणि त्यात तृणधान्यांवरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहूनही कमी होता. १९९९-२०००मध्ये तो २२ टक्के होता. यात उत्पन्नाचा आणि स्वस्त रेशनचा भाग मोठा आहे. पण वयाचाही आहे. साठीनंतर भूक कमी होते आणि गरज बदलते. भात-पोळी कमी, पण प्रथिनं हवीत, म्हणजे डाळ, दूध, अंडी. दात गेलेल्यांना मऊ अन्न लागतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं. डॉक्टर त्यांना गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी खायला सांगतात. त्याच वर्षी भरडधान्य वर्षही साजरं झालं. आणि मग शहरातल्या दुकानात ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळू लागली.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. वय वाढल्यामुळे शहरातल्या माणसाला ज्वारी हवी आहे, आणि वय वाढल्यामुळेच धनजच्या शेतकऱ्याला ती पिकवणं जमत नाही. तुरीचंही तेच. म्हातारपणी लागणारी प्रथिनं गरिबाला डाळीतून मिळतात. वऱ्हाडची तूर त्यासाठी नावाजलेली. पण ती सोयाबीन निघाल्यावर आणखी तीन-चार महिने रानात उभी राहते, आणि रोह्यांचे कळप शेंडे ओरबाडतात. राखायला कोणी नाही म्हणून ओळी कमी होतात, आणि देश म्यानमार, मोझांबिककडून तूर आणतो. हीच अडचण भाजीपाल्याची. वांगी-टमाटे रोज तोडावे लागतात. विहिरीजवळ घरापुरता लावलेला वाफाही सुटतो आणि पिकवणारं गाव आठवडी बाजारात बाहेरून आलेली भाजी विकत घेतं. मागणी ज्या पिकांकडे सरकते आहे, पुरवठा नेमका त्यांच्यापासून दूर जातो आहे.

हे जगात आणखी कुठे घडलं आहे का? जपान याबाबतीत आपल्या कितीतरी पुढे गेला आहे. तिथल्या मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या शेतकऱ्यांचं सरासरी वय २०२० साली ६७.८ वर्षं होतं आणि पुढेही वाढतच राहिलं. त्यांची संख्या २०००मध्ये २४ लाख होती, ती वीस वर्षांत १३-१४ लाखांवर आली. २०२४च्या उन्हाळ्यात तिथल्या दुकानांतून तांदूळ नाहीसा झाला, २०२५मध्ये त्याची किंमत आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली आणि सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. तात्कालिक कारण २०२३ची कडक उष्णता आणि भाताचं क्षेत्र मर्यादित ठेवण्याचं जुनं धोरण. पण मागणी वाढली तरी जास्त पिकवायला माणसं नाहीत, ही अडचण त्याच्या मुळाशी होती. युरोपीय संघात २०२० साली निम्म्याहून अधिक शेतीप्रमुख ५५ वर्षांपुढचे होते, चाळिशीच्या आतले १२ टक्के. तिकडे एकेका शेतकऱ्यामागे मोठी जमीन आणि मोठी यंत्रं आहेत, म्हणून ते निभावतं. आपल्याकडे म्हातारपण दीड हेक्टरवर येऊन थांबलं आहे.

चीनची गोष्ट धनजपासून फार लांबची नाही. जगाच्या व्यापारात येणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन घेतो, वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास, मुख्यतः डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यासाठी. त्या देशाची लोकसंख्या २०२२पासून घटते आहे आणि म्हातारी होते आहे. तिथली मांसाची मागणी पूर्वीसारखी धावत राहणार नाही. ब्राझीलचं उत्पादन वाढतं आहे. कारंजाच्या बाजारातला सोयाबीनचा भाव पेंडीच्या जागतिक दराशी बांधलेला आहे. वृद्धांना झेपतं म्हणून सारा वऱ्हाड एकाच पिकावर विसंबून राहणं त्यामुळे दुहेरी धोक्याचं आहे.

सरकारी योजनांत कसणाऱ्याच्या वयाचा विचार किती झाला आहे? प्रधानमंत्री किसान मानधन योजना १२ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये, पण नाव नोंदवण्याची वयोमर्यादा १८ ते ४०. म्हणजे पहिलं निवृत्तिवेतन २०३९च्या सुमारास मिळेल, आणि योजना आली तेव्हा जे चाळिशी ओलांडून गेले होते ते कायमचे बाहेर. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. सातबाऱ्यावर चार एकर असलेला माणूस त्या रेषेपाशी अडकतो. दुसरीकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना ७५ वर्षांपर्यंतच्या शेतकऱ्याला लागू आहे. पंचाहत्तरीपर्यंत शेतकरी रानात राबतो हे शासनाला मान्य आहे. त्याला थांबता यावं, याची तरतूद मात्र कुठेच नाही. १९६२ साली फ्रान्सने वृद्ध शेतकऱ्यांना आजीवन भत्ता देऊ केला, अट एवढीच की शेती सोडून जमीन कसणाऱ्या पुढच्या हातात जावी. आपल्याकडे किसान सन्मानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० नाव सातबाऱ्यावर असेल त्यालाच मिळतात. त्यामुळे म्हाताऱ्याने मुलाच्या, मुलीच्या नावावर जमीन न करण्याचं आणखी एक कारण तयार होतं.

यात ऑनलाइनची भर पडली. ई-पीक पाहणीसाठी वावरात जाऊन मोबाइलवर फोटो काढायचा, केवायसीसाठी अंगठा द्यायचा. आयुष्यभर माती उपसलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ती ओळखत नाही. मग तालुक्याला फेऱ्या. एसटीचा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत आहे, तेवढाच दिलासा.

सगळ्यात अवघड गाठ जमिनीच्या भाडेपट्ट्याची. स्वतः झेपत नाही म्हणून बटईने किंवा मक्त्याने वावर देणाऱ्या घरांची संख्या वाढते आहे. पण विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळकायद्याची धास्ती अजून मनात आहे. ‘कूळ लागेल’ म्हणून लेखी कोणी काही करत नाही आणि दरवर्षी कसणारा बदलला जातो. पुढच्या वर्षी हे वावर आपल्याकडे असेल की नाही हेच ठाऊक नसलेला बटईदार त्यात शेणखत का टाकील? पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई सगळं मालकाच्या नावावर. घाम आणि जोखीम बटईदाराची. नीती आयोगाने २०१६ साली आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. मालकी अबाधित आणि कसणाऱ्याला मुदतीपुरतं संरक्षण, अशी त्याची रचना होती. महाराष्ट्राने त्या धर्तीवर स्वतःचा कायदा करावा, असं मला ठामपणे वाटतं. केरळात लोकसंख्या आपल्याहून आधी म्हातारी झाली. तिथे कुटुंबश्री या सरकारी उपक्रमातल्या बायकांचे गट पडीक जमीन भाड्याने घेऊन सामूहिक शेती करतात. आपल्याकडेही गावोगावी बचतगट आहेत, पण त्यांना जमीन देण्याचा सुरक्षित मार्ग नाही.

बायकांचा मुद्दा मी शेवटी घेतला आहे, पण वजनाने तो पहिला आहे. नवरा वयाने मोठा असल्यामुळे म्हातारपणी शेती बहुधा बाईच्या अंगावर येते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यांत वाशिम होता. इथल्या कित्येक घरांत बाई तरुण वयातच एकटी कसू लागली आणि आता ती पन्नाशी-साठीला आली आहे. महाराष्ट्राने १९९४मध्ये, देशाने २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. तरी २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या शेतीधारकांत बायका १४ टक्के होत्या. नाव नसेल तर कर्ज नाही, विमा नाही, खरेदी केंद्रावर नोंदणी नाही. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन १ एप्रिल २०२५पासून राज्यभर राबवली गेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी होती. ती तेवढ्यापुरती मोहीम न राहता महसूल खात्याचं रोजचं काम व्हायला हवी.

शासनाने निवृत्तिवेतनाची वयाची अट बदलावी आणि भाडेपट्ट्याचा कायदा करावा, ही मागणी धनजसारख्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेने ठरावाने करावी. आणि जे वाचक पुण्या-मुंबईत, नागपुरात राहतात आणि ज्यांचे आईवडील अजून वावर कसतात, त्यांना एक विनंती. येत्या दिवाळीला घरी जाल तेव्हा वडिलांसोबत बसून शेतीचं पुढे काय, हे ठरवा. तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा काढा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा, आणि आईचं नाव नसेल तर वडील हयात असतानाच ते लावून घ्या.